पावसाळ्यात रडारचं चित्र कसं वाचावं

आधी चित्रावरची वेळ बघा. यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) लिहिलं असेल तर भारतीय वेळेसाठी साडेपाच तास मिळवा.

सगळे मॅक्स-झेड नावाचं चित्र उघडतात, तुम्ही तिथून सुरुवात करू नका. त्यात सगळ्या उंचींवरचं कमाल परावर्तन (थेंबांवरून परतलेल्या रडार-लहरींची ताकद) एकत्र दिसतं. जमिनीवर काय पडतंय ते कळत नाही. पीपीआय घ्या, म्हणजे झोत एकाच कोनात गोल फिरवून काढलेलं चित्र. पण ०.५ अंशाचा झोतसुद्धा १०० किमीवर साधारण दीड किमी आणि २०० किमीवर चार किमी उंच गेलेला असतो. कोकणातले पावसाळी ढग बऱ्याचदा बुटके, त्यामुळे लांबची सर झोताखालून निसटते. मुंबईच्या रडारला पुढे सह्याद्रीही आडवा येतो, तेव्हा घाटापलीकडचं कोरं चित्र म्हणजे उघडीप समजू नका.

रंगावरून मिलिमीटर काढताना सूत्र तपासा. ४० डीबीझेडला (डीबीझेड म्हणजे परावर्तनाचं एकक) मार्शल-पामर सूत्र ताशी साडेअकरा मिमी देतं, उष्णकटिबंधीय सूत्र (झेड = २५० आर^१.२; झेड म्हणजे परावर्तन, आर म्हणजे ताशी मिमी पाऊस) जवळपास २२. जवळच्या पर्जन्यमापकाशी ताडून बघितल्याशिवाय आकडा कुणाला सांगू नये.

वाऱ्याचं चित्र खरं अवघड. रडारकडे येणारा वारा ऋण, लांब जाणारा धन. झोताला आडवा वाहणारा शून्य दिसतो, म्हणजे तिथे वारा पडलाय असं नव्हे. गडद ऋणाला खेटून एकदम गडद धन रंग आला तर आधी वेग दुमडल्याचा, म्हणजे मोजता येणाऱ्या मर्यादेपलीकडचा वेग उलट चिन्हाने दिसत असल्याचा, संशय घ्या. ५.३ सेंमी तरंगलांबी आणि सेकंदाला १००० स्पंदं (रडारने सोडलेले लहरींचे ठोके) असतील तर मर्यादा फक्त १३ मी/से. मोसमी झोतवारा (पावसाळ्यातला खालच्या थरातला वेगवान वारा) ती सहज ओलांडतो. १० सेंमी तरंगलांबीच्या एस-बँड रडारला तेवढ्याच स्पंदांवर २५ मी/से मिळतात.