मला हत्तीपाय नाही, मग या आठ गोळ्या मी कशाला घेऊ?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुमचं गाव विदर्भातलं. हत्तीरोगाच्या (म्हणजे हत्तीपायाच्या) मोहिमेच्या दिवसांत आशाताई घरी येतात, हातावर आठ गोळ्या ठेवतात आणि समोरच घ्यायला लावतात. तुम्हाला काही झालेलं नाही. मागच्या वेळी शेजाऱ्याला गोळ्यांनंतर ताप भरला. आजीचा पाय मात्र वर्षानुवर्षं सुजलेला आहे आणि गोळ्यांनी तो काही उतरला नाही. मग घ्यायच्या कशाला?

मी आरोग्य खात्यात लॅब टेक्निशियन होतो. नोकरीतला बराच काळ हत्तीरोगाच्या स्लाइडी बघण्यात गेला. या गोळ्या पायासाठी नाहीतच, रक्तासाठी आहेत. आणि तेही बहुतेक वेळा तुमच्यासारख्या धडधाकट माणसाच्या रक्तासाठी.

हत्तीरोगाचे मोठे जंत लसीकावाहिन्यांत, म्हणजे अंगातलं जादा पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांत, मुक्काम ठोकतात आणि चांगली चार-सहा वर्षं जगतात. मादी जी लाखो पिल्लं सोडते, त्यांना मायक्रोफायलेरिया म्हणतात. दिवसा ती फुफ्फुसाच्या रक्तवाहिन्यांत दडून बसतात आणि रात्री, साधारण दहा ते दोनच्या दरम्यान, कातडीजवळच्या रक्तात येतात. हा रोग पसरवणारा गटारातला क्युलेक्स डास चावायची वेळही तीच. म्हणून आमचे रक्तनमुने रात्रीचे. झोपेतून उठवलं की माणूस वैतागणारच. "मले काही झालं नाही, माया रक्त कायले घेता?" हे दर दुसऱ्या दारात ऐकायचं. सकाळी स्लाइड रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरली की अशाच एखाद्याच्या रक्तात जांभळा वळसेदार धागा दिसायचा. त्यात ठिपक्यांची ओळ आणि शेपटीचं टोक मात्र कोरं. टोक कोरं, म्हणजे वुचेरेरिया बॅन्क्रॉफ्टी, हत्तीरोगाचाच जंत. आणि ज्याचा पाय खांबासारखा झालाय त्याची स्लाइड पुष्कळदा स्वच्छ निघते. त्याच्यातले जंत कधीच मेलेले असतात, मागे उरते ती सूज. डासाला जंत पुरवतो तो पहिला, ज्याला काही झालेलं नाही.

आता आठ गोळ्यांचा हिशेब. तीन डीईसीच्या (डायइथिलकार्बामाझिन, हत्तीरोगाचं जुनं औषध), प्रत्येकी 100 मिलिग्रॅम. एक अल्बेन्डाझोल 400 मिलिग्रॅम, म्हणजे शाळेत देतात तीच जंताची गोळी; ती चावून खायची. उरलेल्या चार आयव्हरमेक्टिनच्या. डीईसी वयावर ठरते, आयव्हरमेक्टिन उंचीवर. तुम्हाला चार मिळाल्या, म्हणजे तुमची उंची 159 सेंटीमीटर किंवा त्याहून जास्त असणार.

डीईसी 1947 पासून वापरात आहे. ती पिल्लांना अशा अवस्थेत आणते की आपल्याच शरीरातल्या पेशी त्यांचा फडशा पाडतात. आयव्हरमेक्टिन त्यांना लुळं करतं. कोविडमध्ये लोकांनी मेडिकलमधून भरमसाट घेतलेलं तेच हे औषध, पण त्याचं खरं काम जंतांवर. जपानमधल्या मातीत सापडलेल्या जिवाणूपासून ते निघालं आणि त्यासाठी ओमुरा आणि कॅम्पबेल यांना 2015 चं नोबेल मिळालं. अल्बेन्डाझोल जंतांचं अन्नशोषण बंद पाडतं. आधी आपल्याकडे डीईसी आणि अल्बेन्डाझोल अशी जोडीच दिली जायची. नागपूर जिल्ह्यात तिसरं औषध 2019 मध्ये जोडलं गेलं. फरक किती पडतो? पापुआ न्यू गिनीतला 2018 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास बघा. तिन्ही औषधांचा एकच डोस घेतलेल्यांपैकी 96 टक्के लोकांच्या रक्तात वर्षभरानंतरही पिल्लं नव्हती. दोनच औषधं घेतलेल्यांत हे प्रमाण 32 टक्के होतं. तरी मोठे जंत एका डोसात सगळे मरत नाहीत, म्हणून आशाताई पुन्हा येतात.

शेजाऱ्याच्या तापाचं म्हणाल, तर रक्तातली पिल्लं एकदम मेली की ताप, डोकेदुखी, चक्कर, उलटी होऊ शकते. म्हणजे त्याच्या रक्तात ती असण्याची शक्यता बरीच. त्याने तर पुढच्या वेळी अजिबात चुकवू नये. असा त्रास बहुधा पॅरासिटामॉल आणि विश्रांतीने एक-दोन दिवसांत जातो. जास्त वाटलं तर सरळ पीएचसी, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र, गाठायची. नुसती मळमळ मात्र पुष्कळदा उपाशीपोटी घेतल्यामुळे होते. जेवून घ्या. गरोदर बाई, दोन वर्षांखालचं मूल आणि गंभीर आजारी माणूस यांना या गोळ्या देत नाहीत. पाच वर्षांखालच्या मुलांना आयव्हरमेक्टिन नाही.

आफ्रिकेत काही देशांत डीईसी देतच नाहीत, कारण तिथे नदीकाठच्या माशीतून पसरणारा, डोळे घालवणारा दुसरा जंत आहे आणि डीईसीने त्या रोग्याचे डोळे बिघडू शकतात. आपल्याकडे तो नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर 'परदेशात बंदी असलेलं औषध' म्हणून जे फिरतं, त्याचं मूळ बहुधा इथे असावं. चीनने तर डीईसी मिठातच मिसळून लोकांना खाऊ घातली आणि हत्तीरोग संपवला.

"ठेवा ताई, रात्री जेवून घेतो" म्हणून फळीवर ठेवलेल्या गोळ्या पुढच्या मोहिमेपर्यंत तिथेच असतात. समोर घ्यायला लावतात ते म्हणूनच.

आजी गंभीर आजारी नसेल तर तिनेही घ्याव्यात, पण पाय त्याने उतरणार नाही. त्यासाठी रोज साबण आणि साध्या पाण्याने पाय धुवा. बोटांच्या बेचक्या विशेष करून. मग घासू नका, मऊ कापडाने टिपून कोरड्या करा. चीर पडली असेल तर मलम लावा. बसताना पाय उंचावर ठेवायचा, घोटा अधूनमधून वरखाली हलवायचा. थंडी वाजून ताप आला आणि पाय लाल, गरम झाला तर तो जंतुसंसर्गाचा झटका असतो. त्यावेळी चोळायचं नाही, अँटिबायोटिकसाठी दवाखान्यात न्यायचं. असे झटके जितके टळतील तितकी सूज वाढायची थांबते. आणि घरात कुणा पुरुषाला हायड्रोसील, म्हणजे याच रोगाने अंडकोषात पाणी साठून आलेली सूज, असेल तर ते लाजेपायी लपवायला लावू नका. त्याचं ऑपरेशन सरकारी दवाखान्यात होतं आणि माणूस त्यातून बरा होतो.