मेथी निवडताना ताण कुठे जातो?

"मॅडम, सगळं करून पाहिलं, पण ताण काही जात नाही." पुण्यात समुपदेशन करणाऱ्या कोणालाही हे वाक्य नवे नाही. हिंजवडीच्या कंपनीतला तरुण ते म्हणतो, दहावीतल्या मुलीची आई म्हणते आणि निवृत्ती जवळ आलेले सरकारी अधिकारीही म्हणतात. या 'सगळं'मध्ये पहाटेची पर्वती किंवा तळजाईची टेकडी असते, प्राणायाम असतो, मोबाइलवरचे ध्यानाचे ॲप असते, रविवारचा सिंहगड असतो. आणि या यादीतून निसटलेला एखादा रामबाण उपाय मी सांगावा, अशी समोरच्याची अपेक्षा असते. तसा उपाय माझ्याकडे नाही. मात्र हीच तक्रार घेऊन आलेल्या एका बाईंच्या बाबतीत जे उलगडत गेले, ते इतरांच्याही उपयोगी पडेल असे वाटते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत आणि अनेक भेटींतले बोलणे थोडक्यात आणले आहे.

बाई एका सहकारी बँकेत अधिकारी होत्या. वय पंचेचाळिशीच्या आसपास, काम थकीत कर्जांच्या वसुलीचे. कर्जाचा हप्ता ९० दिवसांहून अधिक काळ थकला की ते खाते अनुत्पादित, म्हणजे बँकेला उत्पन्न न देणारे, ठरते, आणि ३१ मार्च जवळ येऊ लागला की अशा खात्यांच्या याद्यांवरून शाखेतले वातावरण तापते. त्यांना दुपारी अकारण धडधड होई, रात्री तीनला जाग येई आणि घरी मुलावर आवाज चढे. धडधडीचा उल्लेख झाल्यावर मी त्यांना प्रथम डॉक्टरांकडे पाठवले. रक्ताच्या आणि थायरॉइडच्या तपासण्या झाल्या, हृदयाचा आलेखही काढला, आणि सगळे ठीक असल्याचे कळल्यावरच आमचे पुढचे बोलणे सुरू झाले.

त्या रोज पहाटे पर्वती चढत असत. मी विचारले, "पायऱ्या चढताना मनात काय चाललेलं असतं?"

"दर टप्प्यावर थांबून बघते, धडधड कमी झाली का."

"चढताना?"

त्यांना स्वतःलाच हसू आले. शंभरावर पायऱ्या चढताना कोणाचेही हृदय जोरात धडधडणारच, आणि त्या मात्र तीच धडधड ताण न गेल्याचा पुरावा म्हणून मोजत होत्या. प्राणायामाचेही तसेच होते. प्रत्येक आवर्तनानंतर त्या मनाला विचारत, 'झाले का शांत?' आणि नकारार्थी उत्तर आले की आवर्तने वाढवत.

पुढच्या एका भेटीत मी त्यांना गेल्या आठवड्यातली अशी एखादी वेळ आठवायला सांगितली, की जेव्हा ताण नव्हता. अशी वेळच नव्हती, असे त्या ठामपणे म्हणाल्या. मी वाट पाहिली. (समुपदेशनात गप्प बसणे हे बोलण्यापेक्षा अवघड असते, आणि माझ्या मते अधिक कामाचेही.) बऱ्याच वेळाने त्या काहीशा संकोचून म्हणाल्या, "रविवारी दुपारी मेथी निवडत बसले होते. सासूबाई शेजारी होत्या, गावाकडचं काहीतरी सांगत होत्या. पाऊण तास कसा गेला कळलं नाही. पण ते काय, घरकामच."

"तेव्हा धडधड होती?"

"बघितलंच नाही," त्या म्हणाल्या, आणि थांबल्या. मग अगदी सावकाश त्यांनी वाक्य पूर्ण केले, "ते ताण घालवायला करत नव्हते ना."

माझ्या कामात असे क्षण मागून मिळत नाहीत. मी हेच त्यांना पहिल्या भेटीत सांगितले असते, तर त्यांनी ते वहीत नीट लिहून घेतले असते आणि दुसऱ्या दिवशी पर्वतीच्या पायऱ्यांवर पुन्हा नाडी मोजली असती. ते त्यांच्या तोंडून आले, म्हणून ते त्यांचे झाले. दही लागले का हे पाहण्यासाठी दर तासाला भांडे हलवले तर ते लागत नाही. मनाच्या स्वस्थतेचेही असेच असते.

तरीही गोष्ट इथे संपली नाही, आणि मला तिचा पुढचा भागच अधिक बोलका वाटतो. नंतरच्या भेटीत त्या निराश होऊन आल्या. "मंगळवारी मुद्दाम दोन जुड्या आणल्या, मॅडम. काही उपयोग झाला नाही. उलट एवढी भाजी कोण खाणार, हा नवा ताण!" आम्ही दोघीही मनापासून हसलो. मेथीही आता उपाय झाली होती, आणि उपाय झाल्याबरोबर तिचीही परीक्षा सुरू झाली होती.

मी ज्या विचारपद्धतीत घडले, ती अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडली आणि कि. मो. फडके यांनी महाराष्ट्रात रुजवली. माणूस मूळ अडचणीने अस्वस्थ होतो आणि मग आपण अस्वस्थ झालो याचाच धसका घेऊन दुप्पट अस्वस्थ होतो, हे एलिस यांनी वारंवार दाखवून दिले. आमच्या बाईंचा वसुलीचा ताण खरा होता. पण त्यावर त्यांनी 'माझ्यासारख्या अनुभवी बाईला ताण येताच कामा नये' अशी एक सक्ती लादून घेतली होती, आणि पहाटेचे सगळे उपाय त्या सक्तीच्या सेवेत लागले होते. मी त्यांना विचारले, "मार्चमध्ये वसुलीचं काम करणाऱ्या माणसाला ताण आला, तर त्यात आश्चर्य कसलं?" त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. पुढच्या काही भेटींत आम्ही याच एका प्रश्नाभोवती फिरत राहिलो.

ही सक्ती सैल झाल्यावर मूळ अडचणीकडे पाहायला सवड मिळाली. वरिष्ठ संध्याकाळी पाच वाजता नव्या याद्या हातात ठेवत आणि त्या काही न बोलता घरी नेत. ताण उतरवण्याचे इतके उपाय केले, पण 'याद्या सकाळी द्याल का?' हे एक वाक्य त्या कधी बोलल्या नव्हत्या. ते कसे बोलावे, याचा आम्ही खोलीत सराव केला. वरिष्ठांनी सगळे नाही, पण बरेचसे ऐकले. पर्वती सोडायची का, असेही त्यांनी मला विचारले. मी म्हटले, "मुळीच नको. पायांसाठी चढा, वरून दिसणाऱ्या पुण्यासाठी चढा. शांततेचा हिशेब तेवढा खाली ठेवून जा."

रोजचे साधे उपाय निरुपयोगी आहेत, असा याचा अर्थ कोणी काढू नये. चालण्याने शरीर खरोखर सैलावते. श्वास सोडताना हृदयाची गती किंचित मंदावते, त्यामुळे उच्छ्वास लांबवण्याला शरीरशास्त्राचा आधार आहे. सहकाऱ्यांबरोबर अमृततुल्यात घेतलेल्या चहातही निम्मा गुण गप्पांचा असतो. मात्र चहा-कॉफीतल्या कॅफीनचा अर्धा अंश उतरायला साधारण ५ तास लागतात, म्हणून संध्याकाळचा चौथा कप ज्याला विसावा वाटतो, त्याने रात्रीच्या जागरणाचा दोष नशिबाला देऊ नये. मद्याचेही तसेच, झोप लवकर लागते आणि उत्तररात्री मोडते.

'राग काढून टाकला की मोकळे वाटते' या समजाविषयी मी विशेष सावध असते. मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, ज्याने चिडवले त्याला मनात आणून पिशवीवर ठोसे मारणारे लोक नुसते शांत बसलेल्यांपेक्षा अधिक संतप्त राहिले. घरी येऊन तासभर साहेबांचा उद्धार करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. उलट, मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी १९८६ मध्ये विद्यार्थ्यांना सलग ४ दिवस रोज १५ मिनिटे मनातल्या दुखऱ्या प्रसंगांविषयी लिहायला लावले. प्रसंग आणि त्यामागच्या भावना दोन्ही लिहिणाऱ्यांना लिहून झाल्याबरोबर अधिक उदासच वाटले, पण पुढच्या महिन्यांत त्यांना दवाखान्याची पायरी कमी चढावी लागली. त्या क्षणी मोजले असते, तर हा उपाय नापासच ठरला असता.

म्हणून एखादा विरंगुळा चांगला की वाईट, असे कोणी विचारले की मी उलट एवढेच विचारते, की त्यानंतर तुम्ही टाळलेल्या कामाकडे वळता की त्यापासून आणखी दूर जाता? अर्धा तास मालिका पाहून जो उठतो आणि तो अवघड फोन करतो, त्याची मालिका मला मान्य आहे. रात्री एकपर्यंत मोबाइलवर बोट फिरवत बसणाऱ्याला मात्र तो फोन उद्याही करवत नाही.

हे सगळे नेहमीच्या ताणाविषयी झाले. झोप आणि भूक दोन आठवड्यांहून अधिक काळ बिघडलेली असेल, कशातच रस वाटेनासा झाला असेल किंवा जगणे नकोसे वाटू लागले असेल, तर मेथी, पर्वती आणि हा लेख तिन्ही बाजूला ठेवून मनोविकारतज्ज्ञांना भेटावे. शासनाची 'टेली मानस' ही विनामूल्य दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे आणि तिथे मराठीतून बोलता येते.