शिशाचा पाइप बदलेपर्यंत पहिल्या बाटलीच्या निकालावर विसंबू नका

आपल्या तळघरातील नळजोडणी शिशाची निघाली आहे, पाइप बदलण्याच्या यादीत आपला क्रमांक मागे आहे आणि तपासणीत पाणी ‘मर्यादेत’ आल्याने बाळाचे दूध नळाच्याच पाण्यात कालवावे का, असे आपण विचारले आहे. माझे स्पष्ट मत आहे की, कालवू नये; शिसे कमी करणाऱ्या फिल्टरचे पाणी वापरावे. मी डॉक्टर नाही. बाळाच्या रक्ततपासणीबद्दल बालरोगतज्ज्ञांनाच विचारावे.

शिकागोजवळच्या आमच्या जुन्या घरालाही असेच ‘मर्यादेत’चे पत्र आले होते. त्यात एकच आकडा होता. तो कोणत्या बाटलीचा, हे मी वारंवार विचारूनही पाणीपुरवठा कार्यालयाने ‘काळजीचे कारण नाही’ यापलीकडे उत्तर दिले नाही, आणि त्या भरवशावर आम्ही कित्येक महिने तेच पाणी प्यायलो, याची चीड आजही येते. रात्रभर नळ बंद ठेवून सकाळी भरलेल्या पहिल्या बाटलीत स्वयंपाकघरातील नळाचे आणि त्याच्या लगतच्या पाइपातले पाणी येते. रस्त्यापासून घरापर्यंतच्या शिशाच्या पाइपात साचलेले पाणी त्यानंतर काही लिटरनी येते. खासगी प्रयोगशाळेकडे आम्ही ओळीने भरलेल्या बाटल्या पाठवल्या, तेव्हा पहिली निर्धोक दिसली आणि पुढच्या बाटल्यांत शिसे कितीतरी अधिक निघाले. अमेरिकेच्या सुधारित नियमांत अशा घरांतून पाचव्या लिटरचा नमुना घ्यायला सांगितले आहे, ते याचमुळे. शिवाय अब्ज भागांत १५ भाग (२०२४ च्या नियमानुसार पुढे १०) ही मर्यादा पाणीपुरवठा यंत्रणेने कधी हालचाल करायची हे ठरवते. मुलांसाठी शिशाची सुरक्षित पातळी अशी काही नाही.

शिकागोत १९८६ पर्यंत शिशाची जोडणी सक्तीचीच होती आणि तिथे अजून सुमारे ४ लाख जोडण्या उरल्या आहेत, म्हणजे या भागात फिल्टर काही वर्षे वापरावा लागेल असे धरूनच तो निवडावा. खोक्यावर ‘एनएसएफ ५३’ (फिल्टर तपासून प्रमाणित करणाऱ्या एनएसएफ या संस्थेचे ५३ क्रमांकाचे मानक) आणि त्यापुढे शिसे कमी करण्याचा स्पष्ट उल्लेख हवा; नुसता ‘४२’ हा क्लोरीन व चवीपुरता असतो. फिल्टरचे काडतूस (आतला गाळणारा भाग) वेळेवर बदलावे आणि फिल्टरमधून गरम पाणी सोडू नये. भात-डाळ आणि चहालाही गाळलेले थंड पाणीच घ्यावे, कारण उकळल्याने शिसे जात नाही, पाणी आटते तसे उलट दाट होते.

कंत्राटदाराने रस्त्याकडचा अर्धाच पाइप बदलण्याचे सुचवल्यास शक्यतो संमती देऊ नये, कारण कापाकापीने शिशाचे कण सुटून प्रमाण काही काळ वाढू शकते. पूर्ण पाइप बदलल्यावरही नळाच्या तोंडची जाळी काढून पाणी भरपूर वाहू द्यावे आणि फिल्टर आणखी सहा महिने चालू ठेवावा.