नाताळच्या सुट्टीत गुहागर आणि जानेवारीत मॅरेथॉन

आपला प्रश्न असा आहे की, जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी मुंबईत ४२.१९५ किलोमीटरची पूर्ण मॅरेथॉन धावायची असताना नाताळच्या आठवड्यात कुटुंबासह पुण्याहून गुहागरला आठ दिवस गेल्यास आजवरचा सराव वाया जाईल का. माझ्या मते तो वाया जाणार नाही. मात्र सुट्टीत कोणते धावणे राखायचे आणि कोणते निःशंकपणे सोडायचे, हे निघण्यापूर्वीच ठरवून ठेवावे.

पूर्ण विश्रांती घेतली तरी पहिल्या आठ-दहा दिवसांत दमसास फार थोडा उतरतो. सर्वप्रथम रक्तातील द्रवाचे प्रमाण घटते, आणि सराव पुन्हा सुरू होताच ते लवकर भरून येते. शिवाय आठवड्यातील धावण्याचे दिवस कमी केले, पण त्यांपैकी एका दिवसाचा वेग कायम ठेवला, तर कमावलेली क्षमता कित्येक आठवडे टिकते. म्हणून गुहागरच्या मुक्कामात एक लांब धाव, एक वेगाची धाव आणि जमल्यास एक-दोन हलक्या धावा एवढेच ठेवावे.

आपल्या तक्त्यातील सर्वांत लांब, म्हणजे ३० ते ३२ किलोमीटरची धाव निघण्याच्या आदल्या रविवारी पुण्यातच उरकावी. तेव्हा शर्यतीला सुमारे चार आठवडे असतील आणि एवढ्या श्रमातून शरीर पुरते सावरायला तो अवधी उत्तम आहे. गुहागरात २० ते २२ किलोमीटर पुरेत. अनोळखी रस्त्यावर, पाण्याची सोय नसताना आणि रात्री उशिरा झालेल्या जेवणानंतर ३२ किलोमीटरचा अट्टहास धरण्यात फायद्यापेक्षा दुखापतीची शक्यता अधिक आहे. ही धाव पाच-सहा किलोमीटरच्या फेऱ्यांत विभागून दर फेरीला मुक्कामाच्या घरावरून जावे, म्हणजे पाणी, मीठ घातलेले कोकम सरबत आणि केळी तिथेच ठेवता येतील. डिसेंबरच्या अखेरीस तिथे सातच्या सुमारास उजाडते आणि गावाबाहेरच्या रस्त्यावर दिवे नसतात. त्यामुळे अंधारात निघणार असाल तर डोक्याला लावायचा दिवा अवश्य न्यावा.

समुद्रकिनाऱ्याचा मोह सर्वांनाच होतो आणि गुहागरचा किनारा सुमारे सहा किलोमीटर सलग असल्याने तो योग्यही आहे, पण ओहोटीच्या वेळेसच. ओहोटीनंतर उघडी पडणारी ओली, घट्ट पुळण धावण्याजोगी असते. वरची कोरडी वाळू पोटऱ्यांवर आणि टाचेमागच्या शिरेवर नको तितका ताण आणते. वेळ काढण्यासाठी कोकणातला जुना हिशेब आजही कामाचा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ मिळते. अष्टमीला सहाच्या सुमारास भरती असते, म्हणजे त्या पहाटे किनारा उपयोगाचा नाही; पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास मात्र भरती दुपारी बाराच्या आगेमागे येते आणि पहाटे रुंद, कठीण पुळण मिळते. वेळ रोज पाऊण तासाहून थोडी अधिक पुढे सरकते, म्हणून लांब धावेचा दिवस वारावरून न ठरवता तिथीवरून ठरवावा. किनारा समुद्राकडे उतरता असल्याने एक पाय सतत खाली पडतो आणि गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला दुखू लागते. जेवढे जाल तेवढेच त्याच वाटेने परत या, म्हणजे ताण दोन्ही पायांवर वाटला जाईल. एकूण अंतरापैकी निम्म्याहून अधिक डांबरी रस्त्यावरच ठेवावे, कारण शर्यत डांबरावर आहे. अनवाणी धावण्याची सवय नसेल तर ती या आठवड्यात सुरू करू नये.

वेगाच्या धावेसाठी शृंगारतळीकडे जाणारा चढाचा रस्ता घ्यावा. प्रथम पंधरा मिनिटे सपाटीवर अंग गरम करून दीड-दोन मिनिटांचे सहा-आठ चढ जोमाने चढावेत आणि उतरताना चालत यावे. मुंबईत पेडर रोडचा चढ परतीच्या वाटेवर, पाय थकलेले असताना येतो, त्यासाठी ही तयारी नेमकी आहे. वाहने वाढण्यापूर्वी ती उरकावी आणि उजव्या कडेने, समोरून येणारे वाहन दिसेल असे धावावे.

आपण पुण्याच्या कोरड्या थंडीत सराव करत आहात आणि मुंबईची हवा जानेवारीतही दमट असते, म्हणून गुहागरचा मुक्काम मला लाभाचाच वाटतो. त्या हवेत नेहमीचा वेग राखताना छाती अधिक धडधडेल. तेव्हा घड्याळाकडे न पाहता श्वासावर लक्ष ठेवावे आणि बोलता येईल इतक्याच वेगाने लांब धाव पूर्ण करावी. घाम किती जातो आणि किती पाणी लागते याचा खरा अंदाज तिथेच येईल.

खाण्याबाबत फार बंधने नकोत. लांब धावेच्या आदल्या रात्री मात्र तिखट मासळी आणि तळलेले टाळून भात, आंबोळी किंवा घावने असे साधे जेवण घ्यावे. धावण्याचे दिवस घरच्यांना आधीच सांगावेत आणि न्याहारीच्या वेळेपर्यंत परतावे, म्हणजे हेदवी-वेळणेश्वरला जाण्याचा त्यांचा बेत आपल्यामुळे खोळंबणार नाही.

कुंभार्ली घाटातून पुण्याला परतायला बहुतेक दिवस जातो. इतका वेळ बसून पाय आखडतात, म्हणून वाटेत दर दीड-दोन तासांनी उतरून चालावे आणि दुसऱ्या दिवशी अर्धा तास हलकेच धावावे. सुट्टीत राहिलेले किलोमीटर त्या आठवड्यात मुळीच भरून काढू नयेत. तक्ता ज्या तारखेला असेल तिथूनच पुढे चालू करावा. शेवटच्या दोन आठवड्यांत एरवीही अंतर जवळपास निम्म्यावर आणायचे असते.