मुंबई सोडण्याआधी सिलिकॉनचा स्कॅन घ्या

पवईत बनवलेल्या निकेल फेराइटच्या (निकेल आणि लोहाचं चुंबकीय ऑक्साइड) कामातलं जर्मनीत पीएचडीला काय न्यावं, असं तुम्ही विचारलंय. नुसते पीडीएफमधले आलेख पुरणार नाहीत. एक्सआरडीच्या (क्ष-किरण विवर्तन, म्हणजे क्ष-किरणांनी स्फटिकाची रचना तपासणं) मूळ फाइल घ्या, शिवाय त्याच साध्या टेक्स्टमध्येही काढून घ्या, कारण तिथलं सॉफ्टवेअर वेगळं असू शकतं.

सगळ्यात आधी मात्र प्रमाणित सिलिकॉन पावडरचा स्कॅन करून घ्या: तेच मशीन, त्याच स्लिट (किरणांची वाट अरुंद करणाऱ्या फटी), तेवढीच स्टेप (दोन मोजमापांमधलं कोनाचं अंतर). आलेखातल्या शिखराची रुंदी काही अंशी मशीनचीच असते. समजा, ३५.६ अंशांजवळचं तुमचं शिखर ०.३ अंश रुंद आहे. शिखराच्या रुंदीवरून आकार काढणाऱ्या शेररच्या सूत्राने स्फटिकाचा आकार सुमारे २८ नॅनोमीटर येतो. त्यातली ०.१ अंश रुंदी मशीनची असेल आणि शिखराचा आकार लॉरेंट्झियन (रुंदी सरळ वजा करता येते असा) धरून ती वजा केली, तर स्फटिकाचा तोच आकार सुमारे ४२ नॅनोमीटर होतो. एकदा निघून गेलात की ही दुरुस्ती करायला जुनं मशीन हाताशी नसतं. सिलिकॉनचं पहिलं शिखर तांब्याच्या (क्ष-किरण देणाऱ्या) नळीवर २८.४४ अंशांना यायला हवं. नमुना होल्डरच्या पातळीपेक्षा ०.१ मिमी जरी वर-खाली बसला, तरी शिखर साधारण ०.०५ अंशाने सरकतं आणि लॅटिसचं (स्फटिकातल्या अणूंच्या जाळीच्या मापाचं) गणित चुकतं.

फेराइटमध्ये लोह आहे, त्यामुळे तांब्याच्या किरणांनी ते स्वतःच क्ष-किरण सोडत चमकतं आणि आलेखाची पार्श्वभूमी वर चढते. नव्या लॅबमध्ये कोबाल्टची नळी आहे का, ते आधीच विचारा. कमकुवत शिखरं त्यात जास्त स्पष्ट दिसतील.

पावडर सामानात मुळीच नेऊ नका. निकेलची संयुगं श्वासावाटे गेली तर कर्करोगकारक आहेत. सुरक्षा-पत्रक जोडून, लॅबकडूनच कुरिअर करवा. प्रत्येक नमुन्याची एक ग्रॅम पावडर पुरे. आपल्या पावसाळ्यात पावडर ओल धरते, म्हणून ११० अंशांवर वाळवून, घट्ट बाटलीत, निळ्या सिलिका जेलसोबत बंद करा. जेल गुलाबी झालं की बदलायचं. नाहीतर टीजीएमध्ये (तापवताना वजन किती घटतं ते मोजणारी चाचणी) १५० अंशांपर्यंतची घट पाण्याचीच दिसेल आणि तुम्ही तिचा भलताच अर्थ लावाल.

एसईएमसाठी (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक) चुंबकीय पावडर कार्बन टेपवर घट्ट दाबून, सुटे कण फुंकून काढायचे असतात, नाहीतर ते थेट लेन्सकडे ओढले जातात. तिथे मशीन बहुधा स्वतःलाच चालवावं लागतं. म्हणून इथल्या ऑपरेटरांना विनंती करून चार-पाच नमुने स्वतःच्या हाताने लावायला शिकून घ्या.