इव्हेंट-ड्रिव्हन आर्किटेक्चरकडे वळताना आधी काय सांभाळावं?

या रचनेत सर्व्हिसेस एकमेकींना थेट कॉल न करता ‘ऑर्डर आली’ अशा घटनांचे संदेश, म्हणजे इव्हेंट, पाठवतात. यात एकच इव्हेंट दोनदा येणार, हे पहिल्या दिवसापासून धरून चाला. हे संदेश पोचवणारं काफ्का काय किंवा रॅबिटएमक्यू काय, नेहमीच्या वापरात हमी मिळते ती इव्हेंट ‘किमान एकदा’ पोचण्याची. कन्झ्युमरने (इव्हेंट घेणाऱ्या प्रोग्रामने) स्टॉक एकने कमी केला आणि ऑफसेट कमिट व्हायच्या (कुठवर वाचलं ही नोंद पक्की व्हायच्या) आत तो बंद पडला, तर पुन्हा सुरू झाल्यावर तोच इव्हेंट परत समोर येतो आणि स्टॉक आणखी एकने घटतो. म्हणून प्रत्येक इव्हेंटला युनिक आयडी द्या आणि तो आयडी स्टॉकच्या बदलासोबत एकाच डेटाबेस ट्रान्झॅक्शनमध्ये (दोन्ही होतील किंवा एकही नाही, असं) नोंदवा. आयडी आधीच असेल तर इव्हेंट सोडून द्या.

पाठवणाऱ्या बाजूला उलटा घोळ होतो: ऑर्डर सेव्ह झाली, पण इव्हेंट गेलाच नाही. इथे आउटबॉक्स टेबल (पाठवायचे इव्हेंट ठेवणारं, त्याच डेटाबेसमधलं टेबल) वापराच, माझ्या मते यात तडजोड नको. ऑर्डर आणि इव्हेंट एकत्र सेव्ह होतात, मग वेगळी प्रोसेस (उदा. डेटाबेसमधले बदल टिपणारं डेबेझियम) तो पुढे पाठवते.

काफ्का इव्हेंट वेगवेगळ्या भागांत (पार्टिशनमध्ये) ठेवतो आणि क्रम फक्त एका पार्टिशनपुरता टिकतो, त्यामुळे इव्हेंटची ‘की’ (key) म्हणून ऑर्डर आयडी द्या, म्हणजे एका ऑर्डरचे इव्हेंट एकाच पार्टिशनमध्ये जातात. कोरिलेशन आयडीही (एकाच विनंतीतून निघालेल्या सगळ्या इव्हेंटवरचा समान आयडी) सुरुवातीलाच घाला, नाहीतर लॉगमध्ये माग काढता काढता नाकी नऊ येतात.

आणि लॉगिनसारखं लगेच उत्तर हवं असेल, तिथे साधा एपीआय कॉलच ठेवा.