वाचकांचे प्रश्न : इफुकुबे, डबल बास आणि एक कातडी हातमोजा

गेल्या अंकात जपानी चित्रपट-संगीतकार आकिरा इफुकुबे यांची ओळख दिली होती. १९५४च्या ‘गोजिरा’चे, म्हणजे आपण ज्याला गॉडझिला म्हणतो त्या राक्षसपटाचे, संगीत त्यांचे. त्यावर आलेल्या पत्रांतले काही प्रश्न इथे घेतले आहेत. डरकाळीबद्दलची पत्रे सर्वांत जास्त होती, तेव्हा जागाही तिलाच जास्त.

प्रश्न : इफुकुबे वनखात्यात नोकरीला होते म्हणे. मग संगीत शिकले कुठे?

शाळेत जाऊन असे कुठेच नाही. जन्म ३१ मे १९१४चा, होक्काइदो बेटावरच्या कुशिरोचा. वडील पुढे ओतोफुके गावाचे प्रमुख झाले. त्या भागात आइनू या तिथल्या मूळ रहिवासी लोकांची वस्ती होती, त्यामुळे त्यांची गाणी आणि नाच मुलाच्या कानांवर घरच्यासारखे पडत राहिले. व्हायोलिन त्यांनी स्वतःच हाती घेतले. होक्काइदो विद्यापीठात पदवी घेतली ती वनशास्त्राची, पण तिथल्याच वाद्यवृंदात ते पहिल्या व्हायोलिनच्या जागी बसत.

१९३५ साली त्यांनी ‘जपानी रॅप्सडी’ ही रचना रशियन संगीतकार चेरेपनिन यांच्या नावाच्या पारितोषिकासाठी पॅरिसला पाठवली. परीक्षकांत रूसेल, इबेर आणि ओनेगेर हे संगीतकार होते. पहिला क्रमांक मिळाला तेव्हा हे गृहस्थ एकवीस वर्षांचे होते आणि त्यानंतरही अक्केशीच्या जंगलात नोकरी करत होते. पुढच्या वर्षी खुद्द चेरेपनिन जपानला आले आणि त्यांनी इफुकुबे यांना थोडे दिवस शिकवले. रीतसर शिक्षण म्हणायचे तर एवढेच. ज्या माणसाने पुढे वाद्यवृंद-लेखनावर जाडजूड ग्रंथ लिहिला, त्याची ही पूर्वतयारी.

प्रश्न : गॉडझिलाची डरकाळी डबल बासवर केली होती हे खरे का? माझ्याकडे न वापरलेला जुना चेलो आहे. त्यावर जमेल का?

खरे आहे, आणि चेलोवर जमते. मात्र चेलोची वाट लागायची नसेल तर आधी पूर्ण उत्तर वाचा.

स्टुडिओत सुरुवातीला प्राण्यांचे आवाज वापरून पाहिले गेले, पण काम भागेना. सिंहाचा आवाज कितीही फिरवला तरी सिंहच वाटतो. तेव्हा इफुकुबे यांनी डबल बास, म्हणजे व्हायोलिनच्या घराण्यातले सर्वांत मोठे वाद्य, सुचवला. तारा ढिल्या केल्या, कातडी हातमोज्याला पाइनच्या झाडाची राळ लावली आणि तार मुठीत धरून हात तिच्या लांबीच्या दिशेने ओढला. तो आवाज ध्वनिमुद्रित करून मंद वेगाने वाजवला.

यामागची गोष्ट साधी आहे. राळ तारेला चिकटते, ताण वाढला की सुटते, लगेच पुन्हा चिकटते. गजही हेच करतो, पण तो तारेवर आडवा फिरतो, त्यामुळे तार बाजूंना हलते आणि स्पष्ट सूर निघतो. हात तारेच्या लांबीने ओढला की कंपन तारेच्या आतून, लांबीच्या दिशेने जाते. सूर ठरत नाही, नुसती घुसमटलेली किंकाळी निघते. जाड तारेवर बारीक तारेचे वेढे असतात, त्यांवरून मोजा खरवडत जातो त्याचा खरखराट वेगळा. तार ताठ असेल तर आवाज नुसता शिटीसारखा येतो, ढिली असेल तर तो गुरगुरतो.

आता कृती. चेलोची सर्वांत जाड, ‘सी’ची तार तेवढी घ्या आणि तिची खुंटी सावकाश अर्धा फेरा सोडा. तार लोंबू नये, पण बोटाने बाजूला ओढली तर सहज हलावी. चारही तारा एकदम ढिल्या करू नका. चेलोची घोडी गोंदाने चिकटवलेली नसते, आणि पोटातला लाकडी खांबही केवळ तारांच्या दाबावर उभा असतो. दाब गेला की घोडी आडवी होते आणि खांब पडतो. तो बसवायला कारागीर लागतो.

मोजा खऱ्या कातड्याचा हवा. रेक्झिन घसरते. व्हायोलिनच्या राळेचा शेंगदाण्याएवढा तुकडा कुटून त्याची पूड तळव्यावर चोळा. पूड कमी पडली तर नुसती सरसर ऐकू येते, जास्त झाली तर गुठळ्या होऊन हात झटके खातो. दुसऱ्या हाताने घोडी धरा आणि मोजा घोडीकडून वर, खुंट्यांच्या दिशेने ओढा, म्हणजे घोडीवर धक्का बसत नाही. सुरुवात सावकाश, शेवट जोरात, एकूण दोन-तीन सेकंद. डरकाळीचा चढ आणि शेवटची फेक हाताच्या वेगातूनच येते, नंतर यंत्रात ती घालता येत नाही.

मायक्रोफोन चेलोच्या छिद्रापासून वीतभर अंतरावर ठेवा. फोनवर ध्वनिमुद्रण करणार असाल तर गोंगाट कमी करण्याची सोय आधी बंद करा. तिला ही डरकाळी म्हणजे गोंगाटच वाटतो आणि ती मधूनच आवाज खाऊन टाकते.

मग वेग निम्मा करा. वेग निम्मा केला की आवाज बरोबर एक सप्तक खाली येतो आणि लांबी दुप्पट होते, तीन सेकंदांचे सहा. संगणकावर करत असाल तर वेग आणि पट्टी एकत्र बदलणारा पर्याय घ्या. नुसती पट्टी उतरवली तर आवाज पातळ आणि कृत्रिम होतो. वेग पाव करण्याचा मोह होईल, पण साध्या ४४.१ किलोहर्ट्झच्या ध्वनिमुद्रणात मग साडेपाच किलोहर्ट्झच्या वर काहीच उरत नाही आणि डरकाळी गोधडीखालून आल्यासारखी वाटते. तसे करायचेच असेल तर ९६ किलोहर्ट्झवर मुद्रित करा, आणि मायक्रोफोनही वरचे स्वर टिपणारा असू द्या.

चेलोच्या या तारेचा मूळ सूर ६५ हर्ट्झचा, निम्म्या वेगाला तो ३३वर येतो. डबल बासची सर्वांत खालची तार ४१ हर्ट्झची, ती येते २०.६वर, म्हणजे माणसाच्या कानाच्या अगदी उंबरठ्यावर. तिथे आवाज ऐकू येण्यापेक्षा अंगावर जास्त येतो. हे फोनच्या स्पीकरवर तपासू नका, हेडफोन लावा.

काम झाल्यावर राळ कोरड्या मऊ कापडाने लगेच पुसा. स्पिरिट लावाल तर रोगणही निघून येईल. तार हळूहळू सुरात आणा, एक-दोन दिवस ती उतरत राहील.

प्रश्न : गॉडझिलाची प्रसिद्ध धून मुलाला पेटीवर शिकवतो आहे. पहिल्या दोन ओळी येतात, तिसरीत तो अडखळतो.

दोष मुलाचा नाही. ग आणि नि कोमल धरून धून अशी आहे : ग रे सा, ग रे सा, ग रे सा नि सा रे ग रे सा. नि खालच्या सप्तकातला. म्हणजे तीन स्वर, तीन स्वर आणि मग सलग नऊ. हे नऊ स्वर चार-चारच्या मापात बसत नाहीत. डोक्यात चारचा ठेका चालू असला की मूल शेवटचा सा ताणते किंवा मधला रे गिळते. चार अधिक पाच असे मोजायला सांगा : ‘ग रे सा नि’ आणि ‘सा रे ग रे सा’. मूळ संगीतातही चार आणि पाच मात्रा आलटूनपालटून येतात. मेट्रोनोम लावायचा तर समेवर ठोका न देणारा लावा. वाजवायचे खर्जात, सरळ स्वरांत, हरकती न घेता.

जपानी लोक हीच ओळ ‘दो-शि-ला’ अशी म्हणतात आणि ‘गो-जि-रा’शी तिचे यमक जुळवतात. गंमत अशी, की १९५४च्या चित्रपटात ही धून राक्षसाची नाहीच. ती त्याच्याशी लढायला निघालेल्या माणसांची आहे. राक्षसाच्या नावावर ती पुढे चढली.

प्रश्न : त्यांच्या चित्रपटांत त्याच त्या चाली येतात. ही स्वतःचीच उचलेगिरी नव्हे का?

आहे, आणि त्यांनी ती कधी लपवलीही नाही. वरची धून १९४८च्या त्यांच्या व्हायोलिन कन्चेर्टोत आधीच सापडते. छोटा तुकडा न बदलता फिरवत राहायचा आणि त्याभोवती वाद्ये वाढवत न्यायची, ही त्यांची मूळ वृत्ती होती. आइनू नाचावरून नाव घेतलेली ‘सिम्फोनिया ताप्काआरा’ ही १९५४चीच रचना. ती ऐकली की चित्रपटांतली ही आवर्तने कुठून आली ते कळते. तरीही अडीचशेहून अधिक चित्रपट केलेल्या माणसाने प्रत्येक वेळी जुना तुकडा कलात्मक हेतूनेच काढला, असे मानायला आम्ही तयार नाही. काही ठिकाणी घाई दिसते.

प्रश्न : चित्रपटात संगीत कशासाठी, याची त्यांनी चार कामे सांगितली होती. ती कोणती?

एक, काळ आणि स्थळ सांगणे. दोन, भावना जागवणे. तीन, विखुरलेली दृश्ये एका प्रसंगात बांधणे. चौथ्याला ते ‘फोटोजेनी’ म्हणत : चित्रच असे असते की कथेला गरज नसली तरी ते संगीत मागते.

दुसऱ्या कामावर बहुतेक संगीतकार थांबतात. इफुकुबे थांबत नसत, आणि त्यापायी पहिल्याच चित्रपटात भांडण झाले. १९४७चा ‘गिनरेइ नो हाते’, दिग्दर्शक सेनकिची तानिगुची, पटकथा कुरोसावा यांची, अभिनेते तोशिरो मिफुने यांचे पदार्पण. डोंगरात लपलेला फरारी दरोडेखोर मुलीबरोबर बर्फावर स्की करतो. दिग्दर्शकाला तिथे आनंदी, हलकेफुलके संगीत हवे होते. इफुकुबे यांनी कॉर आंग्ले या फुंकवाद्यावर एकटी, उदास चाल ठेवली. दृश्यातला आनंद डोळ्यांना दिसतच होता. त्या माणसाचे पुढे काय होणार, ते संगीताने सांगायचे होते. शेवटी कुरोसावा मध्ये पडले आणि चाल राहिली.

प्रश्न : त्यांना किरणोत्साराचा त्रास झाला होता का?

हो. युद्धकाळात ते लाकडाची लवचीकता आणि कंपनशक्ती तपासत होते. त्यात क्ष-किरण वापरत आणि शिशाचे संरक्षण नव्हते. युद्ध संपता संपता ते आजारी पडले आणि लाकडाचे काम सुटले. थोरले भाऊ इसाओ अंधारात चमकणाऱ्या किरणोत्सारी रंगाच्या संशोधनात होते, ते १९४२ साली गेले. १९४६पासून इफुकुबे तोक्योत संगीत शिकवू लागले. यासुशी आकुतागावा आणि तोशिरो मायुझुमी हे त्यांचे तिथले विद्यार्थी. अणुचाचणीने जागा झालेला राक्षस त्यांना परका वाटला नसणार, हे उघड आहे. पण एवढ्यावरून ‘गोजिरा’चे सगळे संगीत त्या आजाराला बांधू नये.

प्रश्न : ऐकायला सुरुवात कुठून करू?

१९८३च्या ‘सिम्फॉनिक फँटसी’ क्रमांक १पासून. राक्षसपटांतल्या धुना पाव तासात एकामागून एक येतात. मग ‘जपानी रॅप्सडी’. तिच्या पहिल्या भागाची सुरुवात एकट्या व्हायोलाने होते, तिथे आवाज वाढवू नका, दुसऱ्या भागात तालवाद्ये सुटली की पस्तावाल. चित्रपटांत ‘गोजिरा’नंतर लगेच १९५६चा ‘बर्मीज हार्प’ पाहा. शेवटी १९९५चा ‘गॉडझिला विरुद्ध देस्तोरोया’. त्यात राक्षस मरतो, आणि तेव्हाचे शोकसंगीत एक्क्याऐंशी वर्षांच्या इफुकुबे यांनीच लिहिले आहे.